बदकाच्या समाचाराला

पांढरवाडी, पो. ताडकळस
४ डिसेंबर १९८८

चि. सुमन,

आशीर्वाद. इकडचं सगळं ठीक आहे असं लिहून मोकळं व्हायची पद्धत आहे, पण मी तसं लिहिणार नाही. पाशिंजर बिमार पडलं होतं आणि अजून धड नाही.

हे पत्र जावईबापूही वाचतील आणि म्हणतील, मामांच्या घरी कोण पॅसेंजर राहायला आला? त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी पालमहून येणाऱ्या शेवटच्या गाडीत मागच्या सीटखाली कोणीतरी दुरडी विसरून गेलं. आत बदकाचं पिल्लू. मी नियमाप्रमाणे डेपोत जमा करायला नेलं, तर बेवारस सामानाचा कारकून म्हणाला, छत्री असती तर खिळ्याला अडकवली असती, हे कुठं अडकवू? धनी काही आला नाही. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या गाडीत विनातिकीट बसलेलं हे एकच, म्हणून त्याचं नाव पाशिंजर. तुझी मामी गेल्यापासून घरात माझ्याशी बोलणारं तेवढंच आहे. सुपारी कातरताना अडकित्ता वाजला की ते अंगणात कुठंही असलं तरी डुलत डुलत येऊन पायाशी उभं राहतं. मला वाटतं त्याला माझ्या तिकिटाच्या पंचचा आवाज आठवत असावा.

थंडी वाढली तशी त्याच्या छातीत घरघर सुरू झाली. मान खाली, डोळे मिटलेले. मी त्याला माझ्या खाकी कोटात गुंडाळलं आणि एस्टीनं ताडकळसला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. कंडक्टर नवा होता. म्हणाला, राहू द्या काका, बदकाचं काय तिकीट काढता. मी म्हटलं, नियमानं लगेजचं तिकीट फाड, नाहीतर डेपोत लिहून कळवीन. फाडलं मुकाट्यानं. डॉक्टर चांगले होते. इंजेक्शन दिलं, पाण्यातून द्यायला पूड दिली आणि आठवड्यात घरघर थांबली. पुन्हा नेऊन दाखवलं तेव्हा म्हणाले, छाती साफ आहे.

छाती साफ आहे, पण बदक ठिकाणावर नाही. दिवसभर रांजणामागं जाऊन बसतं. भांडं वाजलं तरी दचकतं. चोचीनं स्वतःच्या छातीची पिसं उपटतं. खायला टाकलेलं तसंच राहतं. अडकित्ता वाजवला तर मान सुद्धा वळवत नाही.

आणि त्यात ही माणसं! गाडीत सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे दिवस मावळायच्या आत गावभर झालं की कंडक्टरचं बदक आता काही वाचत नाही. माणूस बिमार पडलं की आपण समाचाराला जातो. इथं बदकाच्या समाचाराला लोक यायला लागले. दुकानदार पंडित आला आणि बदक हातात उचलून म्हणाला, वजन उतरलं हो. त्याला सवयच ती. चतुराबाई आली, तिनं मीठ-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. अर्धा तास आम्ही सगळे खोकत होतो, बदकासकट. नागनाथनं चोच उघडून ओव्याचा काढा पाजला. जो तो येतो, उचलतो, पोट दाबून पाहतो, आपल्या आजोळी बदक नाहीतर कोंबडी कशी मेली ते सांगतो आणि बसून राहतो. नुसता वैताग आहे.

काल कस्तुरा वैनी आली. बन्सीदादाच्या घरून या उंबऱ्यात दहा वर्षांत कोणी पाय ठेवला नव्हता. मी चहा केला. गडबडीत साखर दोनदा पडली. ती तसाच प्याली.

तू माणसांची नर्स आहेस हे मला कळतं. पण परभणीत जनावरांचे मोठे डॉक्टर आहेत म्हणतात. कोणाला विचारून कळव.

तुझा
मुंजामामा


परभणी
९ डिसेंबर १९८८

ती. मुंजामामांना सुमनचा नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचलं आणि लगेज तिकिटापाशी थांबून इतके हसले की चहा सांडला. मी नाही हसले. पाशिंजर माझ्याही ओळखीचं आहे. मागच्या दिवाळीत त्यानं माझ्या नव्या साडीचा पदर चावला होता, तरी मला ते आवडतं.

आमच्या गल्लीत जनावरांचे एक डॉक्टर राहतात, कॉलेजात शिकवतात. त्यांना मी तुमचं पत्रच वाचून दाखवलं. ते म्हणाले, बदकाची बिमारी गेली पण भीती गेली नाही. आजारात त्याला प्रवास झाला, सुई टोचली, नवी जागा, नवे हात. आता त्याला पुन्हा भरवसा यायला पाहिजे. त्यांनी सांगितलं ते असं: घरातली एकच कोपऱ्याची जागा त्याला द्या, कोरडा कडबा अंथरा, वारा लागू देऊ नका. सकाळचं कोवळं ऊन मिळू द्या. परात पाण्याची ठेवा, डोकं बुडवता येईल एवढी खोल, म्हणजे ते डोळे-नाक धुतं आणि त्याला बरं वाटतं. बाजरी भिजवून, मेथी बारीक चिरून, थोडं थोडं. बदक कळपात राहणारं पाखरू आहे, एकटं घाबरतं, म्हणून त्याच्यासमोर आरसा टेकवून ठेवा, सोबत आहे असं वाटेल. उचलायचं नाही. रोज एकाच माणसानं एकाच आवाजात बोलायचं. अडकित्ता वाजवायचा, पण लांबून, आणि ते आलं नाही तर रागवायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणसं बंद. मामा, तुम्ही इतके वैतागलात, मग सोपं आहे. आमच्या वॉर्डात भेटायची वेळ संपली की मी घंटा वाजवते आणि सगळ्यांना बाहेर काढते, मग तो पुढारी का असेना. तुम्हाला तर बेल द्यायची सवयच आहे. गाडी फुल्ल आहे म्हणा आणि दार ओढून घ्या. तुमची कटकटही जाईल आणि पाशिंजरही बरं होईल.

कस्तुरामामी आल्या हे वाचून मला चांगलं वाटलं. बन्सीमामांचा खोकला कसा आहे?

तुमची
सुमन


पांढरवाडी
१७ डिसेंबर १९८८

चि. सुमन,

आशीर्वाद. तू लिहिलंस ते सगळं केलं. कडबा अंथरला. परात ठेवली. मामीचा आरसा खुंटीवरून काढून भिंतीला टेकवला. पाशिंजरनं आरशात पाहिलं आणि पुन्हा रांजणामागं गेलं. बहुतेक स्वतःचा अवतार पाहून लाजलं.

भिजवलेली बाजरी खात नाही. नागनाथ म्हणतो बाजरी गरम पडते, ज्वारीच्या कण्या दे. वैनी म्हणते कण्यांपेक्षा ताकातला भात दे, तिनं काल वाटीतून आणलाही होता. चतुराबाईचं म्हणणं, पिसं उपटतंय म्हणजे नजरच आहे. मला काही कळेनासं झालं आहे. छातीवर आता रुपयाएवढी जागा उघडी पडली आहे.

पंडितच्या दुकानातून चहापत्तीचा मोठा पुडा आणला, लहान पुडे पुरत नाहीत. दूधही वाढवलं.

बन्सीदादाचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू येतो. आहे तसाच आहे.

डॉक्टरांना आणखी काही औषध आहे का विचार.

तुझा
मुंजामामा


परभणी
२२ डिसेंबर १९८८

ती. मामांना नमस्कार.

एकट्या माणसाला चहापत्तीचा मोठा पुडा कशाला लागतो?

मी रोज चाळीस पेशंटांच्या नातेवाइकांची खोटी उत्तरं ऐकते, मामा. डबा आणला नाही म्हणतात आणि उशीखालून चिवड्याचा वास येतो. तुमच्या पत्रालाही तसाच वास आला. नागनाथकाका काय म्हणाले, चतुराबाई काय म्हणाली, मामींनी वाटीतून काय आणलं, सगळं तुम्हीच लिहिता आणि दार बंद केलं की नाही तेवढं मात्र लिहीत नाही.

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी औषध दिलं नाही. म्हणाले, पाखरू खात नाही, पिसं उपटतं, याचा अर्थ ते अजून घाबरलेलंच आहे, आणि असंच चाललं तर छाती पुन्हा धरेल. या वेळी धरली तर ते निभावणार नाही. हे त्यांचेच शब्द आहेत, मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही.

तुम्ही तीस वर्षं भरल्या गाडीतून माणसं खाली उतरवलीत. सख्ख्या भाच्याला सुद्धा अर्ध्या तिकिटाचं वय उलटलं म्हणून पूर्ण तिकीट लावलंत, ते आम्ही अजून विसरलो नाही. आता चार बायाबापड्यांना दारातून परत पाठवायला काय जड जातं? बदक जगवायचं आहे की नाही, तेवढं मला एका ओळीत कळवा.

तुमची
सुमन


पांढरवाडी
१ जानेवारी १९८९

चि. सुमन,

आशीर्वाद. तुझ्या पत्राचा मला राग आला होता, म्हणून उशीर केला. आता राग नाही. तू विचारलंस ते एका ओळीत सांगता येत नाही, म्हणून बैठक मारून लिहायला बसलो आहे.

दहा वर्षांपूर्वी काय झालं ते तुझ्या आईनं तुला सांगितलं असेल, पण ती तिथं नव्हती, मी होतो. नामांतराच्या दंगलीचे दिवस. गाड्या बंद होत्या त्या पुन्हा सोडल्या, पहिल्या फेरीला मी होतो. आपल्या फाट्यावर केशरबाई दोन नातवंडं घेऊन चढली. विहारापलीकडं राहते ती केशरबाई. भेदरलेली होती, लेकीकडं परभणीला निघाली होती. मी तिकीट फाडलं. तेवढ्यात फाट्यावरच्या माणसांनी गाडी अडवली. म्हणाले, हिला उतरव. मी म्हटलं, तिकीट फाडलंय, आता उतरवता येत नाही. गलका वाढला. एक जण पायरीवर चढला आणि दांडा धरून उभा राहिला, दार लावू देईना, बेल देऊ देईना. तो बन्सीदादा होता.

मी त्याला विचारलं, "तुजं तिकीट हाय का?"

तो म्हणाला, "मी तुजा थोरला भाऊ हाय."

मी म्हटलं, "तिकीट हाय का ते सांग. न्हाई तर खाली उतर."

आणि मी त्याचा हात दांड्यावरून सोडवला. घट्ट धरला होता, एकेक बोट उचलावं लागलं. सगळ्या गावासमोर त्याला खाली उतरवलं आणि बेल दिली. मी चुकलो असं मला त्या दिवशी वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा तेच करीन. पण ती बोटं माझ्या हाताला अजून आठवतात.

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. एस्टीत बसला नाही. साठी उलटली तरी ताडकळसच्या बाजाराला सायकलीवर जातो, खोकत खोकत. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे आणि माझी बायको गेली तेव्हा सुद्धा तो दारात उभा राहिला, आत आला नाही. बाकीच्या गावालाही माझी फार ओढ नव्हतीच. ज्याला त्याला कधी ना कधी मी उतरवलेलंच आहे. केशरबाई तेवढी वाटेत भेटली की थांबते. तिला कोणी म्हणालं की मुंजाजीनं तुला त्या दिवशी नेलं, तर ती म्हणते, "फुकट न्हाई नेलं बाबा, पुरं तिकीट घेतलं, पोरांचं अर्धं अर्धं." मला तिचं ते बोलणं फार आवडतं.

मी रिटायर झालो तेव्हा घरी कोणी आलं नाही. बदक बिमार पडलं आणि अंगण भरलं. वैताग आहे असं मी तुला लिहिलं, ते खोटं होतं. मी सकाळी उठून अंगण झाडतो, पोतं अंथरून ठेवतो, कपबशा विसळून मांडतो. एके दिवशी कस्तुरा वैनी आणि केशरबाई एकाच पोत्यावर बसून बदकाविषयी बोलत होत्या, तेव्हा मी चुलीपाशी पाठ करून बसलो, कारण मला रडू आलं. जाताना वैनी हळूच म्हणाली, "भावजी, मला त्यांनीच धाडलं. बगून ये म्हनले." त्यांनीच, म्हणजे बन्सीदादानं.

आता या बाईला मी दारातून परत पाठवू? एकदा मी त्या घराला खाली उतरवलं आहे. दुसऱ्यांदा उतरवलं तर ते दार माझ्या जन्मात उघडणार नाही.

पण काल संध्याकाळी सगळे बसले होते, कोणीतरी मोठ्यानं हसलं आणि पाशिंजर रांजणामागून उडालं ते बाजेखाली जाऊन आदळलं. मी वाकून पाहिलं. चोच उघडी, छाती धडधडत होती आणि ते माझ्याकडंही अनोळखी माणसासारखं बघत होतं. ते माझ्यामुळे मरणार आहे, सुमन. मी कपबशा मांडतो म्हणून मरणार आहे. आणि तरी मला दार ओढवत नाही.

तू सांग काय करू.

मुंजामामा


परभणी
५ जानेवारी १९८९

ती. मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात मी फार टोचून लिहिलं. मला एवढंच माहीत होतं की तुम्हा दोघांचं बिनसलेलं आहे. माझ्या लग्नात तुम्ही दोघं मामा माझ्या पाठीशी उभे होतात, एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत एकमेकांकडं पाहिलं नाहीत. मला तेव्हा रागच आला होता. बोटांचं मला कोणी सांगितलं नव्हतं.

तुमचं पत्र वाचून रात्रपाळीला गेले आणि तिथं मला उत्तर मिळालं. आमच्याकडं ज्या पेशंटला कोणी भेटायचं नाही असं डॉक्टर सांगतात, त्याची माणसं बाहेर व्हरांड्यात बसलेली असतात. ती काही चिडत नाहीत. चिडतात कधी? आतून कोणी येऊन काही सांगत नाही तेव्हा. म्हणून दर थोड्या वेळानं आमच्यापैकी एकीनं बाहेर जायचं आणि प्रत्येकाजवळ जाऊन सांगायचं, आता असं आहे, पाणी प्याले, झोप लागली. तेवढ्यानं माणसं शांत होतात आणि आपली वाटतात.

मामा, तुम्ही पॅसेंजरला कधी तुमच्या सीटपाशी बोलावलंत का? तुम्हीच उठून सीटासीटांवर गेलात ना, हलत्या गाडीत, एका हातानं वर धरून? मग आताही तेच करा. दार लावून घ्या आणि रोज संध्याकाळी तुम्हीच निघा. जे जे समाचाराला आले त्यांच्या त्यांच्या घरी जा. बदक आज कसं आहे ते सांगा. उंबऱ्यातून परत फिरा किंवा बसवलं तर बसा. कोणालाच परत पाठवल्यासारखं होणार नाही.

सगळ्यात शेवटचा थांबा कोणता ते मी लिहीत नाही. संक्रांत आली आहे. हात रिकामे नेऊ नका.

तुमची
सुमन


पांढरवाडी
१८ जानेवारी १९८९

चि. सुमन,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्याच दिवशी दाराला कडी लावली. नागनाथ पहिला आला. मी बाहेरच उभा राहून सांगितलं, डॉक्टरांनी बघायला बंदी केली आहे, संध्याकाळी मी स्वतः येऊन कळवतो. तो म्हणाला, "तुमी? आमच्या घरी?" त्याला बदकापेक्षा त्याचंच नवल वाटलं.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एकदम ओरडून सांगून निघणार होतो, सवयीनं. पण घराघरात बसवून घेतात गं. पंडितच्या आईनं धपाटं दिलं. केशरबाईनं विचारलं, "आज कोणत्या गाडीनं आलाव?" आणि स्वतःच हसत सुटली. तिचा तो नातू, त्या दिवशी अर्ध्या तिकिटावर नेलेला, आता माझ्यापेक्षा उंच आहे. त्यानं मला कोपऱ्यापर्यंत सोडलं.

बन्सीदादाच्या दारात मी पहिल्या दिवशी बराच वेळ उभा होतो. पायताण काढू की नको तेच ठरेना. तो ओसरीत बाजेवर पडला होता. मला पाहिलं आणि भिंतीकडं तोंड केलं. वैनी म्हणाली, "या भावजी. कसं हाय?" मी वैनीला सांगितलं, जरा मोठ्यानं सांगितलं. बाजेवर काही हललं नाही. मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो. वैनीला दिला, मग बाजेपाशी गेलो. त्यानं बघितलं नाही, पण हात पुढं केला. मी तिळगूळ ठेवला. गोड बोला म्हणायची काही छाती झाली नाही. त्यानं मूठ मिटली आणि तशीच ठेवली. वैनी दुसऱ्या दिवशी म्हणाली, मी गेल्यावर खाल्ला.

आणि परवा, मी वैनीला सांगत होतो की आज मेथी खाल्ली, तर भिंतीकडं तोंड करूनच आवाज आला, "पानी प्यायलंय का?"

मी म्हटलं, "थोडं थोडं."

एवढंच. मी घरी आलो आणि पाशिंजरला सगळं सांगितलं. हो, तू म्हणालीस तसं एकाच आवाजात, पण तो आवाज जरा फाटला.

पाशिंजर आता रांजणामागून निघून कडब्यावर बसतं. घरात आवाजच नाही, तर दचकणार कशाला. आरशासमोर उभं राहून मान वरखाली करतं आणि हळू बोलतं. परातीत डोकं बुडवून माझ्या अंगावर पाणी उडवतं. छातीवर बारीक लव आली आहे. काल मी ओट्यावर लांब बसून सुपारी कातरत होतो, त्याच्याकडं बघत सुद्धा नव्हतो. पायाला काहीतरी लागलं. खाली बघितलं तर ते पायाशी येऊन उभं होतं. मी हललो नाही. सुपारी हातात तशीच धरून कितीतरी वेळ बसलो.

मुंजामामा


परभणी
२३ जानेवारी १९८९

ती. मामांना नमस्कार.

'पानी प्यायलंय का' हे मी तीनदा वाचलं. ह्यांनी विचारलं, पत्रात काय आहे, रडतेस का? मी म्हटलं, बदक पाणी प्यायलं. ते म्हणाले, तुमचं माहेर मला कधी समजायचं नाही.

डॉक्टरांना कळवलं. त्यांना फार आनंद झाला. म्हणाले, आता ते सुधारलं. आठवडाभर असंच ठेवा, मग अंगणात सोडा, आणि एकेक माणूस येऊन लांबून पाहून गेला तरी चालेल. म्हणजे भेटायची वेळ सुरू! आता दार उघडा आणि सगळ्यांना सांगून टाका की पाशिंजर बरं झालं. पंडितला म्हणावं, वजन करायला मात्र येऊ नका.

डॉक्टर असंही म्हणाले की आरसा हा काही कायमचा उपाय नाही.

तुमची
सुमन


पांढरवाडी
४ फेब्रुवारी १९८९

चि. सुमन,

आशीर्वाद. पाशिंजर ठणठणीत आहे. आरसा आणि परात आता अंगणातच ठेवली आहे. अंगणभर फिरतं, पंख फडफडवून ओरडतं आणि परवा आरशामागं अंडं घातलं. हे तुला कळवतो आहे. तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला कळवलेलं नाही.

तू म्हणालीस, सांगून टाका. बाकीच्यांना सांगायला हरकत नव्हती, ते आता असेही येतील. नागनाथ तर काल बदकाचं नावही न काढता बसला होता. पण बन्सीदादाकडं मी कशाच्या निमित्तानं जाऊ? आमच्यात दुसरा विषय नाही. शेताचं काढलं तर वाटण्या निघतील, गावाचं काढलं तर फाटा निघेल. बदकाचं तेवढं बिनधोक आहे. आता तो भिंतीकडं तोंड करत नाही. बसलेला असतो, आणि मी गेलो की पाय आखडून बाजेवर जागा करतो. मी टेकतो. तो विचारतो, "आज कसं हाय?" मी सांगतो, "हाय, पण अशक्त हाय." तो म्हणतो, "थंडी हाय, जपाव." मग आम्ही दोघं थोडा वेळ गप्प बसतो. ते गप्प बसणं मला फार बरं वाटतं. ते संपेल या विचारानं मी रोज खोटं बोलतो. आयुष्यात एक तिकीट खोटं फाडलं नाही आणि आता रोज संध्याकाळी थोरल्या भावासमोर बसून धडधडीत खोटं बोलतो, तेही एका बदकाविषयी.

तुला त्याचं पत्र आलंच कधी, तर तू एवढंच लिही की बदकाला अजून विश्रांती पाहिजे. माझ्यासाठी एवढं कर.

मुंजामामा


पांढरवाडी
९ फेब्रुवारी १९८९

चि. सुमन हीस बन्सीधर मामाचा आशीर्वाद.

मी कार्ड कधी लिहीत नाही. तुझ्या मामीला सुद्धा सांगितलं नाही. काम आहे म्हणून लिहितो.

मुंजाचं बदक बरं झालं आहे. पंधरा दिवस झाले. भिंतीपलीकडं सकाळपासून ओरडतं, मला काय ऐकू येत नाही काय. बाजेवर उभं राहिलं की दिसतंही. परातीत डुंबतं. चांगलं जाड झालं आहे.

तो रोज येऊन अशक्त आहे म्हणतो. मी जपाव म्हणतो. मला कळलंय हे त्याला कळता कामा नये. कळलं तर तो लाजंल आणि यायचा बंद होईल. त्याचा स्वभाव तुला माहीत आहे. तुझ्याकडून त्याला पत्र जातं, म्हणून तुला सांगून ठेवतो.

दुसरं. ते बदक आरशासमोर उभं राहून बोलतं. एकटं आहे. मला ते बघवत नाही. परभणीला एखादं बदक मिळतं का तपास कर आणि मला कळव. मी मुंजाला देणार. दोन झाली म्हणजे एक ना एक अशक्त राहीलच.

घ्यायला मी स्वतः येतो. सायकलीवर एवढ्या लांब आता होत नाही. एस्टीनं येतो. येताना माझं तिकीट काढीन, जाताना माझं आणि बदकाचं.

बन्सीधर